जयपूर फूटचा पंजा झिजलाय? अख्खा पाय बदलू नका

रोज शेतात किंवा डांबरी रस्त्यावर चालणाऱ्यांच्या जयपूर फूटचा (कृत्रिम पायाचा) रबरी पंजा आधी जातो. टाच घासते, बोटांच्या मुळाशी चीर पडते. वरची प्लॅस्टिकची नळी मात्र बऱ्याचदा ठणठणीत असते. नळीला तडा नसेल आणि सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो वरचा भाग) घट्ट बसत असेल, तर नुसता पंजा बदलून मिळतो का, हे पाय बसवून देणाऱ्या केंद्रात आधी विचारा. पंजा घोट्यापाशी स्क्रूने बसवलेला असतो, त्यामुळे काम फार मोठं नसतं.

जाण्यापूर्वी एवढं करा :

1. पाय घालून सरळ उभं राहा आणि समोरून, बाजूने फोटो काढून घ्या.
2. नळीवरून पंजावर येणारी एक उभी रेघ मार्करने ओढा. पंजा किती बाहेर वळलेला होता, हे कारागिराला लगेच कळतं.
3. रोजची चप्पल सोबत न्या. हे बहुतेक जण विसरतात! टाचेची उंची बदलली की गुडघा पुढे ढकलला जातो किंवा मागे ताणला जातो, आणि मग दोष नव्या पंजाला.
4. बसवल्यावर तिथेच थोडं चालून बघा, जिना असेल तर चढून-उतरूनही.

जुना पंजा टाकू नका, अंगणात, न्हाणीघरात अडीनडीला चालतो, असं कुणी सांगेल. चिरलेला असेल तर ऐकू नका, ओल्या फरशीवर तो घसरतो.

सैल झालेली नळी घरी गॅसवर तापवून आवळण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. आकार बिघडला की सॉकेट टोचतं आणि जखम होते.