वैशाखात लाईट डोळा मारते तेव्हा

वैशाख अर्धा सरला की आगरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. विहिरीचं पाणी तळाला जातं, आणि दुपारनंतरचा वारा माडाची चुडतं तारांवर घासायला लागतो. लाईट पाच-दहा सेकंद जाते आणि येते. घरातला पंखा आपसूक फिरतो, आगरातली मोटर मात्र पडते ती पडतेच. संध्याकाळी जाऊन बघावं तर सुपारीची आळी कोरडी.

यात स्टार्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीची, चूक नाही. व्होल्टेज साधारण निम्म्यावर आलं की त्यातली नो-व्होल्ट कॉइल, म्हणजे कॉन्टॅक्ट धरून ठेवणारं वेटोळं, सोडून देते. तिचं कामच ते. ते चुकवायला एका वर्षी मी हिरवं बटण सुंभाने बांधून ठेवलं होतं. वाऱ्यात लाईनच्या तीन फेजपैकी एक गेली. कॉइल उरलेल्या दोन फेजवर, त्यामुळे स्टार्टर धरून राहिला आणि मोटर हुं हुं करत तापत गेली. जास्त करंट गेला की मोटर तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेने तरी तोडायला हवं होतं, पण सारखा ट्रिप होतो म्हणून त्याची अँपिअरची चकती मीच शेवटपर्यंत फिरवलेली. सुंभ शाबूत राहिला, वाइंडिंग जळलं.

तेव्हा बटण बांधू नका. मोटर पडू द्या, फक्त ती थोड्या वेळाने आपली आपण उठेल अशी सोय करा. म्हणजे ऑटोस्विच, पण थोडा वेळ थांबवणारा टायमर आणि एखादी फेज गेली तर मोटर चालू न देणारा फेज-प्रिव्हेंटर असलेला. नुसता ऑटोस्विच नको. ५ एचपीची मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, उठताना त्याच्या पाच-सहा पट. लाईट येताच वाडीतल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज कोसळतं. ते ८० टक्क्यांवर आलं तर मोटरची उचल, म्हणजे उठतानाचा जोर, ६४ टक्क्यांवर येते, कारण उचल व्होल्टेजच्या वर्गाने घटते. मग कुणाचीच मोटर धड उठत नाही. महावितरण ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवायला सांगतं, ते यासाठीच. एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेजाऱ्यांनी बसून वेळा वाटून घ्याव्यात: एकाचा टायमर दोन मिनिटांवर, दुसऱ्याचा चारवर. आमच्याकडे यावरून थोडी भांडणं झाली, पण जमलं.

बोअरवेलवाल्यांना टायमरचा हा थांबा आणखी गरजेचा. पाणी परत खाली येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर पाइपातलं पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरवतं. त्याच क्षणी लाईट आली तर शाफ्टला जबर हिसका बसतो.

उघड्या विहिरीवर आधी फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, तपासा, नाहीतर टायमरचे पैसे पाण्यात. चालू मोटर बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा. पाणी लगेच आलं तर ठीक. नाही आलं तर व्हॉल्व्हमध्ये पालापाचोळा अडकलाय किंवा वॉशर गेलाय. अशी मोटर लाईट आल्यावर कोरडीच फिरेल आणि ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग, जाळेल.

रिलेची चकती मोटरच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरवर आणा. तरीही ट्रिप झाला तर दोष मोटरमध्ये, पंपात किंवा लाईनमध्ये शोधा. स्टार्टरची पेटीही एकदा उघडून बघा, अर्थात मेन बंद करून. खारा वारा स्क्रू हिरवे करतो, मुंग्या कॉन्टॅक्टमध्ये घर करतात. एकदा तर माझ्याकडे मेलेली पाल चिकटून कॉन्टॅक्ट मिटेनाच. कॉन्टॅक्ट नुसते काळे दिसले तर पॉलिशपेपर मारू नका, वरचा चांदीचा थर जातो. स्क्रू मात्र आवळा.

दहा मिनिटांत तीनदा लाईट गेली-आली तर टायमरवर विसंबू नका, मेन पाडून घरी या.

आणि ऑटोस्विचवरची मोटर बंद दिसली तरी ती बंद आहे असं धरून चालू नका. फूटव्हॉल्व्ह काढायला कुणी विहिरीत उतरणार असेल, तर मेन पाडून तिन्ही फ्यूज उतरणाऱ्याच्या खिशात द्या. वर उभ्या असलेल्या पोराकडे नकोत.