हरितगृहातील कुंडीतला टोमॅटो: या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईत गच्चीवर छोटे हरितगृह उभारून त्यात टोमॅटो लावणारे पुष्कळ झाले आहेत, पण त्यांच्या तक्रारी दर हंगामात त्याच असतात. झाड डोक्याच्या वर गेले तरी फळ धरत नाही, धरलेले फळ बुडाशी काळे पडते, शेंड्याची पाने आक्रसतात आणि वाढ थांबते. विचारणारा बहुधा एखाद्या औषधाचे नाव ऐकण्याच्या तयारीने आलेला असतो आणि हवा, पाणी किंवा कुंडीचा आकार यांविषयी बोलू लागले की त्याचा उत्साह मावळतो. तरीही बोलायचे तेच आहे.

हरितगृह चारही बाजूंनी बंद ठेवणे

या चुकीचे मूळ थंड देशांतल्या व्हिडिओंत आहे. तिकडचा माळी काच किंवा प्लॅस्टिक लावतो ते आतली ऊब टिकावी म्हणून. आपल्या किनारपट्टीवर टोमॅटोला थंडीचा त्रास होत नाही. त्याला छळतात ते उष्मा, दमट हवा, पाऊस आणि पांढरी माशी. त्यामुळे येथे हरितगृहाकडून दोनच कामे घ्यायची असतात: पावसाचे पाणी पानांवर पडू न देणे आणि किडीला आत येऊ न देणे. पहिल्या कामाला छतावर २०० मायक्रॉनची, उन्हाने न कुजणारी यूव्ही फिल्म पुरते आणि दुसऱ्याला चारही बाजूंनी ४० मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रांची, कीटकरोधक जाळी. बाजूंना फिल्म लावण्याचे मला तरी एकही कारण दिसत नाही.

बेलापूरच्या एका निवृत्त गृहस्थांनी रो-हाऊसच्या गच्चीवर पाइप वाकवून सुरेख बोगदा तयार केला, वरपासून खालपर्यंत फिल्म लावली आणि किडे शिरू नयेत म्हणून चेनचे दार बसवले, जे ते पाणी घालण्यापुरतेच उघडत. नोव्हेंबरअखेरीस त्यांनी मला बोलावले. “अहो, झाडं बघा किती जोमदार आहेत, फक्त फुलं टिकत नाहीत. कोणतं टॉनिक देऊ?” झाडे खरोखरच सात फूट उंच आणि गर्द हिरवी होती, आणि खाली जमिनीवर देठासकट गळलेल्या पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. त्यांनी आधीच दोन प्रकारची संजीवके फवारली होती, बोरॉन दिले होते आणि वर युरियाही टाकला होता. मी भर दुपारी फुलांच्या उंचीवर तापमापक टांगला. बाहेर ३३ अंश होते, आत ४४.

दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोची फळधारणा घटू लागते आणि ३५ च्या वर परागकणच निकामी होऊ लागतात. रात्री त्याला साधारण १५ ते २१ अंश मानवतात. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की परागकण चिकटून बसतात आणि फुलातून सुटत नाहीत. पानांना मात्र एवढ्याने फारसे काही होत नाही, उलट युरिया मिळाला की ती अधिकच माजतात, आणि म्हणून मालकाला सगळे उत्तम चालले आहे असे वाटत राहते. आम्ही बाजूंची फिल्म कापून काढली, तिथे जाळी लावली आणि साठलेली गरम हवा निघून जावी म्हणून छताच्या माथ्याशी जाळीने झाकलेली लांब फट ठेवली. युरिया बंद केला. खालचे चार घोस वाया गेले ते गेलेच, पण वरच्या घोसांना डिसेंबरात फळे धरली. ती बोरॉनमुळे धरली असे त्या गृहस्थांचे आजही ठाम मत आहे.

उंचीचाही येथेच विचार करावा. सहा-सात फुटांच्या बोगद्यात सर्वांत गरम हवा नेमकी फुलांच्या उंचीवर साठते, म्हणून माथा नऊ-दहा फुटांवर असलेला बरा. मात्र गच्चीवर जूनमध्ये वारा कसा येतो हे लक्षात घेऊन सांगाडा भक्कम बांधावा आणि सोसायटीची परवानगी आधी घ्यावी, नंतर नव्हे.

परागीभवन आपोआप होईल असे धरून चालणे

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, तरी पराग सुटण्यासाठी फूल थरथरावे लागते. उघड्यावर हे काम वारा आणि भुंगे करतात. जाळीच्या आत दोघांनाही मज्जाव असल्याने ते आपल्याकडे येते. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, पराग कोरडे असताना, वरच्या तारेवर किंवा झाडाच्या सुतळीवर काठीने हलकेच टिचक्या मारत जावे. बॅटरीवर चालणारा टूथब्रश घोसाच्या देठाला लावणारेही आहेत आणि त्यानेही काम चोख होते, पण मला काठी पुरते. दोन दिवस केले आणि कंटाळा आला असे होणार असेल, तर जाळीच्या आत टोमॅटो लावूच नये.

लहान कुंडी, आणि पाण्याचा उपवास-पारणे

सतत वाढणाऱ्या वाणाला २० लिटरची कुंडी ही किमान मर्यादा आहे, ३५ ते ४० लिटरची पिशवी योग्य. बारा इंची कुंडीत सहा फुटांचे झाड वाढवू पाहणाऱ्यांना खत देऊन मुळांची जागा भरून काढता येईल असे वाटते, आणि या समजाला मी कंटाळलो आहे. वाढलेले झाड उन्हाच्या दिवशी दोन लिटर पाणी सहज पिते. लहान कुंडी दुपारी तीनपर्यंत कोरडी पडते, संध्याकाळी मालक घरी येऊन तिला तुडुंब भरतो, आणि या ओढाताणीत फळाचे बूड काळे पडते.

हा डाग म्हणजे रोग नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडल्याने तिथल्या पेशी मरतात, आणि बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतेच, फक्त पोचत नाही. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जाते. प्रवाह तुटला की आधी फळ उपाशी राहते, कारण पाने बाष्पीभवनाच्या जोरावर पाणी स्वतःकडे ओढून घेतात. अशा वेळी कुंडीत अंड्याची टरफले खुपसणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे, कारण टरफल विरघळायला इतका काळ लागतो की तोवर हंगाम संपतो. काळे पडलेले फळ सुधारत नाही. ते तोडावे आणि पाणी नियमित करावे.

घोडबंदर रोडवरच्या एका कुटुंबाने घड्याळी व्हॉल्व्ह लावून ठिबक थेट नळाला जोडले आणि ते निश्चिंतपणे गावी गेले. मध्येच जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी २४ तास पाणी बंद राहिले, नंतरही दाब कमीच होता, पण व्हॉल्व्ह इमानाने वेळेवर उघडत आणि मिटत राहिला. परत आल्यावर माना टाकलेली झाडे पाहून त्यांनी घाबरून एकाच वेळी भरपूर पाणी घातले. झाडे उभी राहिली, पण हिरवी फळे पुढे बुडाशी काळी पडली आणि पिकत आलेली रातोरात तडकली, कारण कोरड्या झाडाला अचानक पाणी मिळाले की आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणली जात नाही. नळाच्या भरवशावर बाग ठेवू नये. २०० लिटरचे पिंप उंचावर ठेवून त्यातून कमी दाबावर चालणारे ठिबक द्यावे. माझी पद्धत अशी की थंडीत सकाळी एकदा आणि फेब्रुवारीपासून सकाळी व दुपारी दोनच्या सुमारास असे दोनदा पाणी द्यायचे, तळातून थोडेसे झिरपेपर्यंत, आणि त्याआधी बोट दोन इंच खुपसून पाहायचे.

४० लिटरची ओली पिशवी तीस-पस्तीस किलोंच्या आसपास भरते. अशा वीस-पंचवीस पिशव्या गच्चीच्या मधोमध ठेवण्यापूर्वी इमारतीच्या अभियंत्याला विचारावे, शक्यतो तुळईच्या रेषेत ठेवाव्यात आणि खाली विटा द्याव्यात, म्हणजे तापलेल्या कोब्यावर मुळे भाजत नाहीत.

चुकीच्या महिन्यात लागवड

मे महिन्यात उत्साहाने लावलेल्या टोमॅटोला पावसाळ्यात ऊन मिळत नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हाळ्यापर्यंत तो थकलेला असतो. गणपती गेले की बी पेरावे, महिन्याभराने ऑक्टोबरात रोप लावावे, म्हणजे फुले थंड रात्रींत येतात आणि डिसेंबरअखेर ते मार्च तोडणी चालते. एप्रिलमध्ये रात्रीच उकडू लागते, तेव्हा नव्या घोसांची आशा सोडावी. रोप लावताना खालची पाने काढून खोड खोल पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडाला मुळे फुटतात.

उरलेल्या, पण लहान नसलेल्या चुका

हिरवे ७५ टक्के शेडनेट टोमॅटोवर लावू नये. त्याला किमान सहा तास ऊन लागते. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट न धुता वापरू नये, त्यातले क्षार दोन-तीन पाण्यांनी जातात. कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचे विद्राव्य खत एकाच बादलीत कालवू नये, साका तळाशी बसतो आणि ठिबकची तोंडे बुजतात. सतत वाढणाऱ्या वाणाच्या बगलफुटी, म्हणजे पानाच्या बेचक्यातून निघणारे कोंब, दर आठवड्याला, बोटभर असतानाच खुडाव्यात आणि मुख्य खोड सुतळीवर चढवावे. झुडपासारख्या बुटक्या वाणाच्या मात्र खुडू नयेत, नाहीतर फळेच जातात. जाळीला पडलेले भोक त्याच दिवशी शिवावे, कारण पाने वाटीसारखी वळवणारा बोकड्या हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी आणते आणि लागण झालेल्या झाडाला औषध नाही, ते उपटावेच लागते.

मर आलेल्या कुंडीतली माती पुन्हा वापरणे

हिरवेगार झाड एकाएकी दुपारी मान टाकते आणि पाणी देऊनही उठत नाही, तेव्हा बुडाजवळचे खोड कापून तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरावा. काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरले तर ती जिवाणूजन्य मर आहे, जी कोकणच्या दमट हवेत वांग्यालाही सोडत नाही. ती माती खत मिसळून ‘ताजी’ करण्याचा मोह घातक आहे. ती टाकून द्यावी, कुंडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी आणि तिथे टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काहीही लावू नये. दरवर्षी मर येत असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण घ्यावा. तो बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. त्याच्या फळातले बी मात्र पुढच्या वर्षी पेरू नये, संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत.