क्रूझला निघालात? तब्येतीच्या या चुका टाळा

क्रूझवर बिघडलेल्या तब्येतीचे किस्से नीट ऐकले तर समुद्राचा दोष त्यात फार कमी निघतो. गोळी उलटी झाल्यावर घेतलेली असते, डॉक्टरला तिसऱ्या दिवशी सांगितलेलं असतं, विम्याच्या अटी जहाज सुटल्यावर वाचलेल्या असतात. घरी असा उशीर खपून जातो, कारण कोपऱ्यावर केमिस्ट असतो. मुंबईचा बॅलार्ड पिअर धक्का मागे पडला की तो नसतो.

उलटी सुरू झाल्यावर गोळी शोधणे

ज्यांना एसटी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यताही जास्त. ॲव्होमिनसारखी गोळी ही उलटी होऊ नये म्हणून घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना, छोट्या प्रवासाला निघण्याआधी तास-दोन तास, असा तिचा हिशेब. प्रत्यक्षात चढण्याच्या गडबडीत, मग डेकवरच्या फोटोंत ती राहून जाते आणि जहाज उघड्या समुद्रात डोलायला लागलं की पर्समध्ये शोधाशोध सुरू होते. या गोळीने गुंगी येते, त्यामुळे तिच्यावर दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका.

केबिन निवडतानाही लोक उलटं करतात. बोट लागते हे माहीत असून जास्त पैसे मोजून वरच्या मजल्यावरची, जहाजाच्या टोकाकडची बाल्कनी घेतात. हेलकावे तिथेच जास्त जाणवतात. मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन स्थिर असते आणि सहसा स्वस्तही. त्रास सुरू झालाच तर मोबाइल बाजूला ठेवा, मोकळ्या हवेत या, नजर क्षितिजावर ठेवा. उलटीच्या भीतीने पूर्ण उपाशी राहिलात तर मळमळ वाढते. कोरडं, थोडं थोडं खात राहा. आलेपाकाच्या दोन-चार वड्या खिशात असल्या तर उत्तमच. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. मेअखेरची तारीख स्वस्तात मिळाली म्हणून लगेच बुकिंग करताना एवढं ध्यानात असू द्या.

सॅनिटायझर लावला म्हणजे हात धुतले, असं समजणे

जहाजावर पोट बिघडवणारा मुख्य गुन्हेगार नोरोव्हायरस. अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरने तो धड मरत नाही; साबण आणि पाणी, किमान 20 सेकंद, एवढाच खात्रीचा उपाय. बुफेच्या दाराशी ‘वॉशी वॉशी’ म्हणत हातावर फवारा मारणारा कर्मचारी गोड बोलतो, पण त्याच्या बाजूला बेसिन असेल तर तिकडे वळा.

आपली अडचण त्याच्या पुढची आहे. हात धुऊन आत जातो, ताट घेतो, आणि मग भाजीचा डाव, भाताचा चमचा, सॅलडचा चिमटा, पाण्याच्या नळाची कळ असं सगळं हाताळतो. तोच डाव आपल्या आधी कितीतरी जणांनी धरलेला असतो. टेबलाशी येऊन बसलो की त्याच हाताने पोळीचा तुकडा मोडतो. काट्या-चमच्याने जेवणाऱ्याचं यात निभावून जाईल, हाताने जेवणाऱ्याचं नाही. म्हणून हात वाढून घेतल्यावर पुन्हा धुवायचे. ताट टेबलावर कुणाच्या तरी राखणीला ठेवून बेसिनकडे जायला दोन मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी घरातले हसतील, हसू देत.

दुसऱ्यांदा वाढून घेताना नवीन ताट घ्या. जहाजावरचं नळाचं पाणी प्रक्रिया केलेलं, क्लोरिनयुक्त असतं, त्याची उगाच धास्ती नको. जपायचं ते किनाऱ्यावर उतरल्यावर: बर्फ, कापून ठेवलेली फळं, उघड्यावरची चटणी.

पोट बिघडलं तरी गप्प बसणे

“सांगितलं तर केबिनमध्ये कोंडून ठेवतील, पैसे फुकट जातील.” ही भीती खरी आहे, वेगळं राहायला सांगतातच, साधारण एक-दोन दिवस. पण लपवलं तर दुसऱ्या दिवशी बायको, तिसऱ्या दिवशी नातू, आणि मग एकाच्या जागी अख्खी केबिन आडवी. नोरोव्हायरसची लक्षणं लागण झाल्यावर 12 ते 48 तासांत दिसतात, त्यामुळे चार रात्रींच्या सहलीतही हा खेळ पुरा होतो. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर 3 टक्के प्रवाशांनी किंवा कर्मचाऱ्यांनी जुलाब-उलट्यांची तक्रार केली की तिथलं आरोग्य खातं ती साथ म्हणून जाहीर नोंदवतं. लवकर कळलं तर सफाई वाढवता येते, बुफेत कर्मचारी स्वतः वाढायला लागतात.

डॉक्टरला दाखवेपर्यंत ओआरएसची पुडी हवी. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊन पुन्हा पोहायच्या टाकीकडे जाणं हे सर्वांत वाईट.

सर्दी-तापालाही हेच लागू. फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर 3,711 माणसं होती आणि 700 हून अधिक जणांना कोरोना झाला, हे आपण टीव्हीवर पाहिलंय. साठीच्या पुढच्यांनी फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी. आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही.

औषधं मोठ्या बॅगेत

बंदरावर बॅग हातातून जाते ती केबिनच्या दाराशी काही तासांनी येते. रक्तदाबाची संध्याकाळची गोळी त्यात असेल तर बसा वाट बघत. औषधं खांद्यावरच्या पिशवीत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह आणि सहलीपेक्षा चार-पाच दिवस जास्तीची. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या. आपला ब्रँड परदेशी डॉक्टरला कळणार नाही. सिंगापूर किंवा दुबईहून जहाज पकडणार असाल तर झोपेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी यांसाठी आधी परवानगी लागू शकते.

इन्सुलिनवाल्यांसाठी खास: केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता पेयं गार ठेवण्यापुरता असतो. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. रिसेप्शनवर औषधांसाठीचा फ्रिज मागा, सुया टाकायला डबाही मागा. आणि जेवणाची वेळ लांबते तिथे इन्सुलिन आधी टोचून रांगेत उभं राहू नका.

“मेडिक्लेम आहे ना!”

आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत. जहाजावरच्या डॉक्टरची फी बहुधा थेट केबिनच्या खात्यावर चढते, परदेशी जहाजावर डॉलरमध्ये. दवाखान्यात ईसीजी, साधारण तपासण्या, सलाईन होतं. मोठं काही निघालं तर रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावर उतरवतात. खरा खर्च तिथून सुरू होतो. प्रवास विमा घेताना जुना मधुमेह, बायपास, सगळं लिहा. लपवलेला आजार दावा नाकारायला आयतं कारण देतो.

बाथरूमचा उंबरा

जहाजाच्या बाथरूमला उंच उंबरा असतो. रात्री झोपेत उठलेले आजी-आजोबा तिथे अडखळतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांना तो पायाने चाचपून दाखवा आणि छोटा दिवा चालू ठेवा. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, चौकटीत बोटं ठेवू नका.

उतरल्यावर

गोव्याला उतरून आज स्कूबा आणि रात्रीच्या विमानाने मुंबई, हा बेत रद्द करा. एकदाच डुबकी मारली असेल तरी विमानात बसण्याआधी किमान 12 तास, अनेकदा मारली असेल तर 18 तास जाऊ द्यावे लागतात.

घरी आल्यावर दिवसभर जमीन डोलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. पण दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरकडे गेल्या गेल्या क्रूझवर होतो हे सांगा, गरम पाण्याच्या जकुझीत बसला असाल तर तेही. लिजिओनेला नावाचा न्यूमोनियाचा जंतू अशा पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो, आणि डॉक्टरला तो संशय आला तरच त्याची वेगळी तपासणी होते.