डिझायनर शोधताना आधी 'ल' बघा

माझा कांदा-लसूण चटणीचा धंदा आहे, कोल्हापुरात. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणायची, वाळवायची, भाजायची, डंकावर कुटून घ्यायची, हे मला येतं. पाकीट कसं दिसावं हे येत नाही. एवढं कबूल करायला मला 3 वर्षं लागली.

पहिला लोगो ओळखीतल्या एका मुलाने 1,500 रुपयांत करून दिला. खलबत्ता आणि त्यावर दोन लाल मिरच्या. घरात सगळ्यांना आवडला. मग एका प्रदर्शनात समोरच्याच टेबलावर चहा मसाल्याच्या डबीवर तोच खलबत्ता, त्याच दोन मिरच्या! नेटवरचं तयार चित्र आम्हा दोघींच्या गळ्यात पडलं होतं. त्या बाई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो खऱ्या, पण घरी स्टिकरचा अख्खा गठ्ठा पडून होता.

दुसऱ्या वेळी मी कुणालाही फोन करायच्या आधी वहीचं एक पान लिहिलं. तुम्हीही लिहा. 'आकर्षक', 'मॉडर्न', 'हटके' असले शब्द त्यात नकोत, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. माझ्या पानावर होतं: 200 आणि 500 ग्रॅमची पाकिटं, गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईत राहणारी आपल्याकडची माणसं, दुकानात माल खालच्या फळीवर असतो, म्हणजे वरून दिसला पाहिजे, छापील पाऊच परवडत नाही, साध्या पारदर्शक पाऊचवर स्टिकर लागणार. या शेवटच्या ओळीने सगळा हिशेब बदलतो. छापील पाऊचला ग्रॅव्ह्युअरमध्ये, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून छापायच्या पद्धतीत, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि माल मोठ्या संख्येनेच छापावा लागतो. 'छापणार कशावर?' हे ज्या डिझायनरने पहिल्या फोनवर विचारलं नाही, त्याला मी दुसरा फोन केला नाही.

शोधायचं कुठे? बिहान्स या, डिझायनर आपली कामं टाकतात त्या साइटवर सुंदर चित्रं खूप दिसतात, पण तिथली निम्मी पाकिटं कधी छापलेलीच नसतात. मी सरळ प्रेसवाल्याला विचारलं, 'कुणाची फाइल आली की तुम्हाला डोक्याला ताप होत नाही?' त्याने दोन नावं दिली. त्यातली एक मुलगी पुण्याची, अप्लाइड आर्ट शिकलेली, स्वतंत्र कामं घेणारी. तिलाच काम दिलं.

पण त्याआधी परीक्षा घेतली, आणि ही परीक्षा मी सगळ्यांना सांगते. चार शब्द द्या आणि ते ज्या फॉन्टमध्ये पाकिटावर येणार त्यात मागवा: लसूण, मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचा कीस. एकाने पाठवलेल्या नमुन्यात पहिली वेलांटी 'म'च्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि 'खोबऱ्याचा'मधला 'ऱ्या' तुटून पाय मोडलेला 'ऱ' आणि 'या' असे सुटे दिसत होते. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसली की असं होतं. दुसऱ्याचं सगळं बरोबर होतं, तरी सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, 'हा ल कुणाचा गं?' ल हिंदी वळणाचा होता, श पण. पुष्कळ देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळण आपोआप येतं. मराठी वळण फॉन्टच्या पोटात असलं तर भाषा मराठी निवडल्यावर ते बाहेर येतं, नसलं तर फॉन्ट बदलायचा. कोल्हापूरच्या चटणीवर परका ल दिसला की गिऱ्हाइकाला नक्की काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. कमल शेडगे यांनी हाताने काढलेल्या नाटकांच्या नावांवरून नाटक गंभीर की फार्स हे लांबून कळायचं. आपल्याला तेवढं नको, पण अक्षर ओळखीचं तरी वाटावं.

पैसे. मी 32,000 दिले, तीन हप्त्यांत: काम सुरू करताना 40 टक्के, रेखाटन पक्कं झाल्यावर 40, छपाईच्या फाइली हातात आल्यावर 20. त्यात किती वेळा बदल करून मिळतील तेही लिहून घ्या. आमचं ठरलं दोनदा. आणि घरच्या ग्रुपवर मतं मागवू नका. मी मागवली, नणंदेला मोर हवा होता.

डिझायनर मुलीला मी किलोभर चटणी कुरिअरने पाठवली. ते पैसे सार्थकी लागले. तिने पहिलं स्टिकर पारदर्शक केलं होतं, अक्षरं गर्द लाल. स्क्रीनवर झकास. भरलेल्या पाऊचवर लावलं तर मागच्या लाल चटणीत नावच बुडालं. मग पांढरा पट्टा आला. म्हणून खऱ्या मापाचा छापील नमुना भरलेल्या पाकिटावर लावून, सहा फुटांवरून बघितल्याशिवाय 'फायनल' म्हणू नका. स्क्रीनवरचा लाल कागदावर तसा उतरत नाही, हेही तेव्हाच कळतं.

मागच्या बाजूचा मजकूर पहिल्याच दिवशी द्या: एफएसएसएआयचं (अन्न परवान्याचं) चिन्ह आणि 14 आकडी नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीचा फोन. नंतर दिलात तर सुंदर मोकळ्या जागेची वाट लागते.

आता मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं नसतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, पण स्वतंत्र डिझायनरने काढलेल्या चित्राचा पहिला हक्क साधारणपणे डिझायनरचाच. तो आपल्या नावे करायला सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द त्यात हवेतच. तिचं काम तिला स्वतःच्या नमुन्यांत दाखवायची मोकळीक मी दिली, त्यात आपलं काही जात नाही.

नाव पक्कं करायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधून बघा. मसाले वर्ग 30मध्ये येतात, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500. नोंदणी झाल्याशिवाय गोलातला आर लावायचा नाही, तो गुन्हा आहे, टीएम चालतं.

शेवटच्या हप्त्याआधी फाइली घ्या: व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी न फाटणारी) पीडीएफ, इलस्ट्रेटरची एआय आणि कोरलड्रॉची सीडीआर, कारण आपल्याकडे बरेच प्रेसवाले कोरलवरच बसतात. एक प्रत अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे प्रेसकडे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही अशी, एक बदल करता येईल अशी, आणि व्हॉट्सॲपसाठी पीएनजी. फॉन्टचा परवाना कुणाच्या नावावर आहे तेही विचारा. खुल्या परवान्याचा असेल तर प्रश्नच मिटला. मी पेन ड्राइव्ह घेऊन प्रेसमध्ये गेले, त्यांच्याच मशीनवर प्रत्येक फाइल उघडून घेतली, आणि तिथूनच तिला उरलेले पैसे पाठवले.