फोटो एडिट करताना माऊस ‘मेला’ तर आधी हे बघा

पॉइंटर छान फिरतोय, पण फोटोवर ब्रश चालत नाही, मेनूवर क्लिक केलं तरी ढिम्म. अशावेळी लगेच पीसी रीस्टार्ट करू नका, सेव्ह न केलेलं काम जाईल. बहुतेकदा माऊस ठणठणीत असतो आणि सॉफ्टवेअरच कशाची तरी वाट बघत बसलेलं असतं.

१. आधी ब्राउझरमध्ये क्लिक करून बघा. तिथेही चालत नसेल तरच केबल, यूएसबी पोर्ट किंवा सेल बघायचा.

२. क्रॉप किंवा ट्रान्सफॉर्म (फोटोचा भाग लहान-मोठा करणं, फिरवणं) अर्धवट राहिलं असेल तर एंटर किंवा एस्केप दाबा. एखादी छोटी विंडो मागे लपली असेल तर तीही एस्केपने जाते, दोन मॉनिटर असतील तर दुसऱ्यावर पण नजर टाका.

३. फक्त ब्रशच उमटत नसेल तर कुठेतरी बारीकसं सिलेक्शन (निवडलेला भाग) राहिलेलं असतं आणि ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो, झूम केल्यामुळे किंवा त्याची तुटक रेघ लपवल्यामुळे ते दिसतच नाही आणि आपण बाहेर घासत बसतो. सिलेक्शन काढायला फोटोशॉपमध्ये कंट्रोल+डी, गिम्प या फोटो एडिटरमध्ये शिफ्ट+कंट्रोल+ए. माझ्या मते निम्मी भानगड इथेच मिटते.

४. तरी नाही? मग लेयर (फोटोचा थर) लॉक आहे का, त्याच्यासमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद आहे का आणि ब्रशची ओपॅसिटी (रंग किती गडद उमटतो ते) चुकून १% वर गेलीय का ते बघा, कीबोर्डवरचा आकडा चुकून दाबला गेला की फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी गुपचूप बदलते.

फक्त एक, एस्केपने अर्धवट ट्रान्सफॉर्म रद्द होतं, केलेला बदल ठेवायचा असेल तर एंटरच दाबा.