इनडिझाइनमध्ये स्टाइल लावायला शिकताना

दिवाळी अंकाचं काम करणाऱ्याला गणपतीनंतर एक फोन हमखास येतो: "तीन पानं वाढताहेत हो, काही करता येईल का?" अंक १६ पानी फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांत) छापायचा असेल, तर तीन पानांसाठी नवा फर्मा कुणाला परवडतो? अशा वेळी इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, मजकुराचं लीडिंग (दोन ओळींतलं अंतर) १७ पॉइंटवरून १६.५ करून बघायचं. पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे परिच्छेदाच्या फॉन्ट, आकार, अंतराचे नाव देऊन साठवलेले संच, नीट लावलेल्या असतील तर चहा येईपर्यंत उत्तर मिळतं. नसतील तर रात्र गेलीच म्हणून समजा.

नवीन मुलं आधी फॉन्ट निवडत बसतात. मी त्यांना 'मूळ' नावाची एक स्टाइल करायला लावतो. ती कुठल्याच परिच्छेदाला लावायची नाही. तिच्यात फक्त फॉन्ट, भाषा मराठी आणि जस्टिफिकेशनमध्ये अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय. हा कंपोझर नसला की ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मग मजकूर, शीर्षक, लेखक, कविता या सगळ्या स्टाइल 'बेस्ड ऑन'मध्ये (ही स्टाइल कुणावर आधारलेली, ते सांगायच्या रकान्यात) 'मूळ' देऊन करायच्या. मूळचा फॉन्ट बदलला की सगळीकडे बदलतो. पण शीर्षकाला तुम्ही वेगळा फॉन्ट दिला असेल, तर तेवढं शीर्षक जागचं हलत नाही. हे ध्यानात असू द्या, नाहीतर प्रोग्रॅम बिघडला असं वाटतं.

नावं कामावरून ठेवा. 'लाल मोठं १८' असं नाव ठेवलं आणि संपादकांना निळा रंग आवडला, की पंचाईत.

खरी कसोटी लेखकांच्या वर्ड फाइलींची. कुणी एंटर मारमारून जागा सोडलेली, कुणी स्पेसबारने कविता मधोमध आणलेली. मजकूर घेतल्यावर स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसतं. याचा अर्थ, स्टाइलबाहेरचं काहीतरी त्या मजकुराला चिकटलेलं आहे. ऑल्ट दाबून नावावर क्लिक केलं की ते निघून जातं, पण त्याबरोबर लेखकाने मुद्दाम ठळक केलेले शब्दही साधे होतात, आणि हे प्रूफात पटकन लक्षात येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: 'ठळक' नावाची कॅरेक्टर स्टाइल (अख्ख्या परिच्छेदाला नाही, निवडक शब्दांना लावायची स्टाइल) करा, तिच्यात बोल्डखेरीज सगळे रकाने रिकामे सोडा. फाइंड-चेंजमध्ये खालच्या फॉरमॅटच्या चौकटीत बोल्ड शोधून त्या जागी ही स्टाइल लावा. मग सगळा मजकूर निवडून ऑल्ट-क्लिक. कॅरेक्टर स्टाइल लावलेले शब्द ठळकच राहतात. मात्र शिफ्टही दाबलं गेलं तर ही कॅरेक्टर स्टाइलही जाते, तेव्हा बोटं सांभाळा. (देवनागरीला इटॅलिक करून तिरकं पाडणं मला मुळीच पसंत नाही, तिथेही ठळक किंवा अवतरणचिन्हं वापरावीत.)

दोन परिच्छेदांतली जागा 'स्पेस बिफोर'ने द्या. रिकामे एंटर पानाच्या डोक्यावर येऊन बसतात. 'स्पेस बिफोर'ची जागा मात्र कॉलमच्या सुरुवातीला आपोआप गळते.

अनुक्रमणिकाही स्टाइलवरूनच निघते. शीर्षक आणि लेखक या दोन स्टाइल सांगितल्या की नावं आणि पानं ती उचलते. लेखांचा क्रम बदलला तर मात्र 'अपडेट'ची आज्ञा आपणच द्यायची, ती आपणहून बदलत नाही.

एकपानी हँडबिल असेल तर यातलं काहीही मी करत नाही.