फाउंड्रीत राहून एनडीटी लेव्हल टू करावं का? माझा अनुभव

मेकॅनिकल डिप्लोमा झाला आणि कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू ओतून पार्ट बनवणारा कारखाना) क्वालिटीला चिकटलो. वडणगेतनं गाडीवर जायचं, दिवसभर कास्टिंग तपासायचं, रिजेक्शनचं रजिस्टर भरायचं, हातात १३ हजार. दोन वर्षांनी एकानं डोक्यात भरवलं की एनडीटी (माल न तोडता त्यातले दोष शोधायची तपासणी), त्यातली लेव्हल टू म्हणजे दुसरी पायरी कर, गल्फला लाखात पगार हाय. झालं, घरच्या दुधाच्या बिलातनं फी भरली, आठवड्याची रजा टाकली आणि एका क्लासमधनं चकचकीत सर्टिफिकेट घेऊन आलो, वर लिहिलेलं 'लाइफटाइम व्हॅलिड'.

दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो तर तिथले साहेब हसले. म्हणाले, "हे तुझ्या कंपनीनं दिलंय का?"

तर भावांनो, खरी गोम इथं हाय. आपल्याकडं जास्त चालतं ते एसएनटी-टीसी-१ए, म्हणजे एनडीटीच्या माणसांना सर्टिफाय करायची अमेरिकन नियमावली, आणि त्यात सर्टिफिकेट देणारा मालक असतो, क्लास नाही. म्हणजे कंपनीची रिटन प्रॅक्टिस (सर्टिफाय कसं करायचं याचे लेखी नियम) असते, लेव्हल थ्री म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा माणूस परीक्षा घेतो, डोळे दरवर्षी तपासायचे, आणि नोकरी सोडली की नवीन कंपनी परत सर्टिफाय करणार. सोबत जातं ते फक्त ट्रेनिंगचं रेकॉर्ड आणि कामाचे तास, म्हणून तासांचं लॉगबुक साहेबांच्या सहीनिशी ठेवा, मी ठेवलं नव्हतं, परत पहिल्यापासनं सुरुवात करावी लागली. बाहेरदेशी जायचंच असेल तर आयएसओ ९७१२ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड बघा, ते थर्ड पार्टीचं असतं, म्हणजे मालक नाही, बाहेरची संस्था देते, ५ वर्षं चालतं.

मेथड कुठली? डाय पेनिट्रंट (रंग लावून वरच्या भेगा शोधणं) सगळेच करतात, लेव्हल वन आणि टू मिळून १२ तासांचं ट्रेनिंग, त्यामुळं त्याला भाव नाही. एमपीआय (चुंबक लावून भेगा शोधणं) फाउंड्रीत रोज लागतं, पण चुंबक धरणाऱ्या मटेरियललाच, अ‍ॅल्युमिनियमला उपयोग नाही. माझ्या मते पैसे वसूल होतात ते अल्ट्रासॉनिकमध्ये (आवाजाच्या लहरींनी आतले दोष शोधणं), ४० अधिक ४० तास ट्रेनिंग, आणि कास्टिंगवरचा सिग्नल वाचायला खरंच डोकं लागतं, धातूचा ग्रेन (कण) जाड असला की स्क्रीनवर नुसतं गवतासारखं दिसतं, दोष कळत नाही. रेडिओग्राफीचं (कास्टिंगचा एक्स-रेसारखा फोटो काढणं) मात्र जपून, क्लासच्या कागदावर कुणी किरणं सोडणाऱ्या सोर्सला हात लावू देत नाही, एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियम वेगळे आहेत.

मी शेवटी आमच्याच कंपनीला गळ घातली, त्यांनी बाहेरचा लेव्हल थ्री बोलावला, फी त्यांची. आधीच विचारलं असतं तर दुधाचं बिल वाचलं असतं!

आता पगाराचं. चाकणची ऑफर आलेली, सीटीसी (कंपनीचा सगळा खर्च धरून सांगितलेला पगार) बघून हुरळलो होतो, पण त्यात कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली, वर रूम भाडं, मेस. हिशोब घातला तर घरनं डबा नेऊन शिरोलीतच जास्त शिल्लक राहत होते, शिवाय इथं ओव्हरटाइम कायद्याप्रमाणं डबल मिळतो.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पगार २१ हजाराच्या वर गेला की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटतं, लगेच नाही, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च तो टप्पा संपला की. आईच्या शुगरच्या गोळ्या तिथनंच यायच्या. वाढ मिळाली साडेतीन हजाराची, आणि त्यातली बरीचशी आई-बाबांच्या मेडिक्लेमच्या हप्त्यात गेली.